रणांगणातून माणसे परत आणणारे हात

शौर्यपदक म्हटले, की आपल्या मनासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. शत्रूच्या ठाण्यावर झेप घेणारा शिपाई, जिंकलेल्या टेकडीवर निशाण रोवणारी पलटण, चालून येणाऱ्या रणगाड्यापुढे पाय रोवून उभा राहिलेला जवान. आपल्या क्रमिक पुस्तकांनी हे चित्र आपल्या मनावर ठसविले आहे आणि ते खोटे नाही. परंतु, वाचकहो, पदकांच्या इतिहासात आणखी एक दालन आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. या दालनातील माणसांनी पदक मिळविले ते कोणाला मारून नव्हे, तर कोणाला तरी परत आणून. गोळ्यांच्या वर्षावात उघड्या मैदानावर कण्हत पडलेल्या सोबत्याला खांद्यावर घेऊन आलेल्या माणसांची ही पदके आहेत.

या माणसांचे गुणगान करणे सोपे आहे आणि ते योग्यही आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने गुणगानावर थांबू नये. प्रत्येक पदकासोबत एक मजकूर असतो. ते पदक कशाबद्दल दिले, हे सांगणाऱ्या आठ-दहा ओळी सरकारी राजपत्रात छापलेल्या असतात. तिला आपण प्रशस्ती म्हणू. ही प्रशस्ती काळजीपूर्वक वाचली, तर असे दिसते, की ती केवळ गौरव नाही, ती एक साक्षही आहे. त्या दिवशी कोणाची व्यवस्था कोठे तुटली होती, कोणाचे नाव नोंदले गेले आणि कोणाचे राहिले, हे त्या ओळींतून कळते. हीच गोष्ट प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष उदाहरणांनी मांडावयाची आहे.

पदकाचे दार कोणासाठी उघडे होते?

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. भारतीय शिपायासाठी पहिले शौर्यपदक ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली सुरू केले. पुढे ते ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतर १८५६ मध्ये इंग्लंडच्या राणीने ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च पदक स्थापन केले. त्याच्या नियमांत हुद्द्याचा भेद नव्हता. साधा शिपाई आणि सेनापती यांना ते सारखेच खुले होते. परंतु भारतीय शिपायाला मात्र ते खुले नव्हते. १८५७ मध्ये लखनौच्या रस्त्यांत डोलीतून नेल्या जाणाऱ्या जखमींचे रक्षण केल्याबद्दल इंग्रज शल्यवैद्यांना हे पदक मिळाले, पण त्या डोल्या ज्यांच्या खांद्यावर होत्या त्या माणसांपैकी कोणाला ते मिळणे नियमानेच अशक्य होते. ही अडचण १९११ च्या दिल्ली दरबारात दूर झाली आणि भारतीय शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरले.

तरीही एक वर्ग बाहेरच राहिला. पलटणीबरोबर भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी अशी कितीतरी माणसे चालत. लष्कराच्या दप्तरी त्यांची गणना लढवय्यांत होत नसे, ते केवळ ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारे. वास्तविक जखमींना उचलण्याचे काम मुख्यतः यांचेच. १९०७ साली निघालेले ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ अशा बिनलढाऊ माणसांना खुले झाले ते १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाची तीन वर्षे उलटल्यावर. तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवूनच आपण पुढच्या कहाण्या वाचू. ज्यांची नावे आपल्यापर्यंत आली त्यांच्या मागे, ज्यांना नाव नोंदविण्याचा हक्कच नव्हता अशांची एक लांब रांग उभी आहे.

मीर दस्त : ईप्रचे मैदान

एप्रिल १९१५. बेल्जियममधील ईप्र शहराजवळ २२ एप्रिल रोजी जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर प्रथमच क्लोरीन वायूचा मोठा मारा केला. फ्रेंच फळी कोसळली. ती भगदाडे बुजविण्यासाठी ज्या तुकड्या धावत पाठविण्यात आल्या त्यांत भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन होती. २६ एप्रिलला वील्त्ये या गावाजवळ तिने उघड्या उतारावरून हल्ला चढविला. समोरून तोफा आणि मशिनगनचा मारा सुरू होता, आणि त्यातच वायूचा ढग आला. शिपायांजवळ वायूपासून बचाव करणारे मुखवटे नव्हते. पागोट्याचे टोक भिजवून नाकातोंडावर धरणे, एवढाच उपाय त्यांच्या हाती होता.

या हल्ल्यात ५७ व्या वाइल्ड्स रायफल्समध्ये जमादार मीर दस्त होते. तिराहच्या डोंगराळ मुलखातील हे आफ्रिदी पठाण. १९०८ च्या मोहमंद मोहिमेत त्यांनी ऑर्डर ऑफ मेरिट आधीच मिळविलेली होती. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची प्रशस्ती सांगते, की हल्ल्यात त्यांनी आपल्या तुकडीचे नेतृत्व केले. पलटणीचा एकही इंग्रज अधिकारी उरला नाही, तेव्हा पांगलेल्या टोळ्या गोळा करून माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी त्या आपल्या हाताखाली ठेवल्या. त्यानंतर त्याच दिवशी जबर माऱ्यात आठ ब्रिटिश व भारतीय अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास त्यांनी मदत केली.

‘मदत केली’ या शब्दांवर क्षणभर थांबा. आठ जखमी माणसे एकट्याने उचलून नेता येत नाहीत. जमादारांबरोबर आणखी काही हात होते. ते कोणाचे होते, हे प्रशस्ती सांगत नाही. शिवाय ज्या आठ जणांची गणना झाली ते सर्व अधिकारी होते. साधे शिपाई त्या दिवशी कोणी उचलून आणले नसतील, असे कोण म्हणेल? पण पदकाची शिफारस अधिकाऱ्याच्या लेखणीतून होत असे, आणि वाचलेला अधिकारी हा साक्ष देऊ शकणारा माणूस असे. ज्याला शिपायाने वाचविले त्या शिपायाची साक्ष लिहून घ्यायला सहसा कोणी बसत नसे.

याला अपवादही आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील फोकिसार येथे गुरखा पलटणीचे रायफलमन कुलबीर थापा स्वतः जखमी असताना जर्मनांच्या पहिल्या खंदकापलीकडे जाऊन पडले. तेथे त्यांना लेस्टरशायर रेजिमेंटचा एक साधा इंग्रज शिपाई जबर जखमी अवस्थेत आढळला. त्याने थापांना स्वतःचा जीव वाचविण्यास सांगितले, पण ते एक दिवस आणि एक रात्र त्याच्यापाशी राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात त्यांनी त्याला काटेरी तारांतून बाहेर काढले व थोड्या आडोशाला ठेवले. मग पुन्हा जाऊन दोन जखमी गुरखे एकामागून एक आणले, आणि शेवटी दिवसाउजेडी, शत्रूच्या गोळीबारात, त्या इंग्रज शिपायालाही आणले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे ते पहिले गुरखा सैनिक.

मीर दस्तांच्या कहाणीला एक पुढचा भाग आहे, आणि तो राजपत्रात नाही. वायूने त्यांची फुप्फुसे जायबंदी झाली होती. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात भारतीय जखमींसाठी रुग्णालय उघडले होते. तेथे ऑगस्ट १९१५ मध्ये पंचम जॉर्ज बादशहांनी स्वहस्ते त्यांच्या छातीवर पदक लावले. त्या भेटीत मीर दस्तांनी बादशहांकडे एक मागणे केल्याचे सांगितले जाते : एकदा जखमी होऊन बऱ्या झालेल्या शिपायाला पुन्हा आघाडीवर पाठवू नये. त्याच सुमारास त्यांनी लिहिलेल्या एका पत्राचा आशय असा, की पदक फार चांगले आहे, पण हा वायू मला चैन पडू देत नाही, त्याने माझा निकाल लावला आहे. लष्करी टपाल तपासणाऱ्या खात्याने शिपायांच्या पत्रांचे उतारे करून ठेवले होते म्हणून हे शब्द टिकले. आठ जणांना वाचविणाऱ्या माणसाला स्वतःचा श्वास परत मिळाला नाही. आणि त्यांचा सख्खा भाऊ मीर मस्त? तोही त्याच आघाडीवर होता आणि मार्च १९१५ मध्ये आपल्या काही सोबत्यांसह जर्मनांना जाऊन मिळाला होता. एका घरातील दोन भावांच्या वाटा अशा फुटाव्यात, यावरून त्या परक्या युद्धात शिपायांच्या मनात काय चालले असेल याची थोडी कल्पना येते.

वायूच्या या माऱ्यानंतर काही आठवड्यांतच मुखवटे बनवून आघाडीवर पाठविण्यास सुरुवात झाली. जे आधी नव्हते ते नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

मेसोपोटेमिया : जेथे डोली नव्हती

आता आपण युरोप सोडून तैग्रिस नदीच्या काठी, आजच्या इराकमध्ये जाऊ. या आघाडीशी आपल्या महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. १९१५ मध्ये बगदादवर चालून गेलेली व नंतर कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली फौज म्हणजे सहावी ‘पूना’ डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्यांना सोडविण्यासाठी दुसऱ्या फौजेची खटपट चालू झाली. या खटपटीतील तीन प्रशस्ती पाहा.

१३ जानेवारी १९१६, वादीची लढाई. नवव्या भोपाळ इन्फन्ट्रीचे शिपाई छत्ता सिंग हे कानपूर जिल्ह्यातील. त्यांचा कमांडिंग ऑफिसर उघड्यावर जखमी होऊन पडला. छत्ता सिंग आडोसा सोडून त्याच्याकडे गेले, जखम बांधली, आणि जवळच्या छोट्या कुदळीने त्याच्याभोवती माती उकरून आड निर्माण करू लागले. त्यानंतर रात्र पडेपर्यंत, पाच तास, ज्या बाजूने गोळ्या येत होत्या त्या बाजूला स्वतःचे शरीर आडवे ठेवून ते त्याच्यापाशी राहिले. अंधार झाल्यावर मागे जाऊन त्यांनी मदत आणली आणि त्याला सुरक्षित नेले.

आठच दिवसांनी, २१ जानेवारीला, हन्नाच्या लढाईत ४१ व्या डोगरा पलटणीचे लान्स नाईक लाला यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याला ओढत तात्पुरत्या आडोशाला आणले. तेथे त्यांनी आधीच आणखी चौघांच्या जखमा बांधल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्याच पलटणीच्या ॲडज्युटंटची हाक ऐकू आली. तो शत्रूपासून शंभर यार्डांवर उघड्यावर पडला होता. लाला सरपटत त्याच्याकडे गेले. कडाक्याची थंडी, पाऊस, चिखल. त्यांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे काढून त्याच्यावर घातले आणि अंधार पडण्याच्या सुमारापर्यंत त्याच्याजवळ राहिले. रात्री पहिल्या अधिकाऱ्याला उचलून मुख्य खंदकात पोचविले आणि मग स्ट्रेचर घेऊन पुन्हा आले व ॲडज्युटंटला नेले.

तिसरी प्रशस्ती १२-१३ एप्रिल १९१६ च्या रात्रीची, बेत आयसा येथील. ८९ व्या पंजाबी पलटणीचे नाईक शहामद खान, रावळपिंडी जिल्ह्यातील. मशिनगनवरची बहुतेक माणसे पडल्यावर त्यांनी तीन तास फळीतील एक भगदाड सांभाळले आणि तीन प्रतिहल्ले परतविले. माघारीचा हुकूम आल्यावर त्यांनी आपली तोफ, दारूगोळा आणि चालू न शकणारा एक जबर जखमी माणूस यांना मागे आणले. पुन्हा परत जाऊन राहिलेली सारी हत्यारे व सामान आणले. प्रशस्ती तपशिलाने नोंदविते, की मागे राहिली ती फक्त दोन फावडी. फावड्यांची संख्या राजपत्रात छापली गेली, जखमी माणसाचे नाव मात्र नाही.

आता या तिन्ही कहाण्यांना एक साधा प्रश्न विचारा. छत्ता सिंगांना पाच तास का थांबावे लागले? लालांना स्वतःचे कपडे का काढावे लागले? गोळीबार हे एक कारण झालेच. परंतु दुसरे कारण असे, की त्या आघाडीवर जखमींना उचलण्याची व्यवस्था जवळजवळ मोडून पडली होती. स्ट्रेचर अपुरे, वाहक अपुरे, औषधे व पांघरुणे अपुरी. जखमींना खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून खडबडीत जमिनीवरून नेत. नदीवर रुग्णनौका पुरेशा नव्हत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर ‘मेजिदिये’ नावाची आगबोट जखमींनी खच्चून भरून बसऱ्याला आली, तेव्हा तेथील डॉक्टर मेजर कार्टर यांनी डेकवरची घाण आणि जखमींची दुर्दशा पाहून वरिष्ठांकडे तक्रार केली. उत्तरादाखल त्यांनाच दम भरण्यात आला, अटकेची धमकी देण्यात आली. पण ते गप्प बसले नाहीत. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९१७ साली आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. कूतची फौज मात्र त्यापूर्वीच, २९ एप्रिल १९१६ रोजी, तुर्कांना शरण गेलेली होती.

म्हणजे पाहा. एकाच आघाडीबद्दल दोन दस्तऐवज आपल्यासमोर आहेत. एक राजपत्रातील प्रशस्ती, दुसरा आयोगाचा अहवाल. पहिला सांगतो, की एका शिपायाने आपले अंग आडवे घातले. दुसरा सांगतो, की त्याला ते का घालावे लागले. इतिहास समजून घ्यायचा तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. नुसती प्रशस्ती वाचली तर आपण भारावून जातो आणि व्यवस्थेची चूक विसरतो. नुसता अहवाल वाचला तर संतापतो आणि माणसाचे मोठेपण विसरतो.

वाचविणे हा पराक्रम की अडथळा?

याच १९१६ साली पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश सैन्यात एक विलक्षण दंडक आला. यापुढे जखमींना सोडविल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस दिला जाणार नाही. फक्त ज्यांचे कर्तव्यच जखमींची काळजी घेणे आहे, अशांचा अपवाद. यामागची कारणे सरळ होती. सोडवायला गेलेला माणूस पुष्कळदा स्वतःही मारला जातो, आणि ऐन लढाईत एक जखमी उचलण्यासाठी दोन-तीन धडधाकट बंदुकवाले मागे गेले तर फळी कमकुवत होते. सेनापतीच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. लढाई हरली तर सारेच जखमी शत्रूच्या हाती जातात.

परंतु शिपायाचा हिशेब वेगळा असतो. आपण पडलो तर आपल्याला कोणीतरी न्यायला येईल, या भरवशावर माणूस खंदकातून बाहेर पाऊल टाकतो. तो भरवसा तुटला तर फळी दुसऱ्याच कारणाने कमकुवत होते. या दोन हिशेबांचा वाद तेव्हा मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही.

दंडकातील अपवादाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन नोएल शव्हास. लिव्हरपूलच्या बिशपांचा हा मुलगा पेशाने डॉक्टर होता आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावला होता. ऑगस्ट १९१६ मध्ये गियमाँ येथे त्यांनी दिवसभर माऱ्यात जखमींवर उपचार केले आणि रात्री चार तास शत्रूच्या फळीपुढे जखमींचा शोध घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतः जखमी होऊनही त्या रात्री वीस स्वयंसेवक घेऊन ते गेले आणि शत्रूच्या खंदकापासून पंचवीस यार्डांवरील खड्ड्यातून तिघांना आणले. प्रशस्तीच्या अंदाजानुसार त्यांनी सुमारे वीस जणांचे प्राण वाचविले. पुढच्या वर्षी वील्त्येजवळच, म्हणजे मीर दस्त जेथे लढले त्याच परिसरात, ते पुन्हा जखमी झाले, पण आपली जागा सोडून गेले नाहीत. ४ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना दुसऱ्यांदा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक दोनदा मिळविणारे आजवर तिघेच झाले, आणि त्या तिघांपैकी दोघे, शव्हास आणि आर्थर मार्टिन-लीक, हे सैन्यातील डॉक्टर होते. मारण्याच्या उद्योगात वाचविणाऱ्यांचा मान किती मोठा, याचे यापेक्षा बोलके उत्तर कोणते?

सेनिओ नदी : एक दिवस, दोन शिपाई

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीवर भारतीय आठव्या डिव्हिजनने हल्ला केला. नदी लहान, जेमतेम पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे उभे बांध, त्या बांधांच्या पोटात जर्मनांची पोखरलेली ठाणी आणि पाण्यालगत सुरुंगांचा पट्टा.

शिपाई नामदेव जाधव हे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये त्यांचे काम निरोप्याचे, म्हणजे कंपनी कमांडरबरोबर राहून निरोप पोचविण्याचे. नदी ओलांडून पलीकडच्या काठाला लागताच तीन ठाण्यांतून एकदम मारा झाला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले आणि जाधव सोडून बाकीचे जागीच ठार झाले. जाधवांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, उभा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन ठेवले. मग परत येऊन दुसऱ्याला नेले. दोन्ही खेपांना तोफगोळे आणि मशिनगन चालूच होत्या. त्यानंतर तिसऱ्यांदा ते गेले ते लढण्यासाठी. पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून हातबॉम्बने आणखी दोन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनी मागच्या साथीदारांना हातवारे करून पुढे बोलाविले.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, फुसिन्यानो गावाजवळ फ्रंटियर फोर्स रायफल्सचे कोहाटकडील शिपाई अली हैदर यांनी दोन ठाणी घेतली. पाठीत, पायात आणि हातात जखमा असताना शेवटच्या ठाण्याकडे ते सरपटत गेले आणि त्यांच्यामुळे कंपनीला नदी पार करता आली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि सुदैवाने दोघेही वाचले. तेवीस दिवसांनी इटलीतील जर्मन सैन्य शरण आले.

या दोन प्रशस्ती एकत्र वाचल्या, की दोन गोष्टी मनात येतात. नामदेव जाधवांनी दोन जखमी आणले आणि तीन ठाणी घेतली. ठाणी न घेता केवळ दोन माणसे आणली असती, तर हेच पदक मिळाले असते काय? १९१६ चा दंडक आठवला, की उत्तर देणे कठीण जाते. दुसरी गोष्ट अली हैदर यांच्या प्रशस्तीतील. तेथे म्हटले आहे, की गंभीर जखमी झालेल्या अली हैदर यांना उचलून मागे आणण्यात आले. कोणी आणले? ते हात पुन्हा निनावीच. एका नदीवर, एका संध्याकाळी, एक मराठा आपल्या सोबत्यांना उचलून नेत होता आणि एका पठाणाला कोणीतरी उचलून नेत होते. जखमीला उचलताना त्याचा गाव, जात, धर्म विचारायला वेळ नसतो.

स्वतंत्र भारतात

स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके स्थापन झाली. परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. शत्रूसमोर नसताना केलेल्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोक चक्राची श्रेणी आली. तिच्या खालच्या दोन वर्गांना १९६७ पासून कीर्ती चक्र व शौर्य चक्र म्हणतात. पाण्यात, आगीत वा अपघातात प्राण वाचविणाऱ्या नागरिकांसाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदके आहेत. सैनिकालाही ती मिळू शकतात, पण कर्तव्याबाहेर केलेल्या कृत्याबद्दल. रणांगणातील बचावकार्यासाठी स्वतंत्र पदक नाही. ते कार्य सर्वसाधारण शौर्यातच मोजले जाते.

आणि ते मोजले गेले आहे, हेही खरे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘खुकरी’ या आपल्या युद्धनौकेवर ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर आदळला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, शांतपणे खलाशांच्या सुटकेची व्यवस्था पाहिली, स्वतःचे जीवरक्षक साधन एका खलाशाला दिले आणि ते पुन्हा पुलावर गेले. ते जहाजाबरोबरच बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्या त्या कृत्यात शत्रूचे कसलेही नुकसान झाले नव्हते, सारे शौर्य वाचविण्याचे होते. पण प्रशस्तीसोबत दुसरीही बाजू वाचा. ‘खुकरी’ ही पन्नासच्या दशकातील नौका होती आणि तिच्यासमोरची पाणबुडी नवी, फ्रेंच बनावटीची होती.

मुंबईकरांच्या स्मरणात असलेले उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे. ताजमहाल हॉटेलात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या तुकडीचे नेतृत्व करणारे मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी आपला जखमी कमांडो बाहेर नेण्याची व्यवस्था केली आणि स्वतः पुढे जाऊन २८ नोव्हेंबरला प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. हे दल तेव्हा दिल्लीजवळून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचले होते. पुढे २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे त्याची केंद्रे उघडण्यात आली. वायूनंतर मुखवटे, मेसोपोटेमियानंतर आयोग, आणि मुंबईनंतर केंद्रे. क्रम तोच आहे. आधी माणूस आपला देह आडवा घालतो, व्यवस्था मागाहून येते.

विद्यार्थी मित्रांना

विद्यार्थी मित्रांनो, शौर्याची कथा तुम्ही वाचाल तेव्हा तिच्यापुढे मान जरूर लववा, पण मान लववून पुस्तक मिटू नका. तीन प्रश्न विचारा. ज्याला वाचविले तो कोण होता? वाचविणाऱ्याबरोबर आणखी कोणाचे हात होते? आणि त्याला हे का करावे लागले, कोणती व्यवस्था त्या ठिकाणी असावयास हवी होती आणि नव्हती? पहिला प्रश्न तुम्हांला माणुसकी शिकवील, दुसरा नम्रता, आणि तिसरा नागरिकाचे कर्तव्य.

कारण तुमच्यापैकी फार थोडे रणांगणावर जातील. पण कोणी डॉक्टर होईल, कोणी इंजिनिअर, कोणी कारकून, कोणी हिशेबनीस. स्ट्रेचर किती मागवायचे, रुग्णवाहिका कोठे उभ्या करायच्या, पांघरुणे वेळेवर पोचतात की नाही, तक्रार करणाऱ्या डॉक्टरला ऐकून घ्यायचे की दम भरायचा, हे निर्णय अशाच माणसांच्या टेबलांवर होतात. ते नीट झाले, तर एखाद्या लालाला थंडीत आपले कपडे काढावे लागणार नाहीत. त्या कामाला पदक मिळत नाही. पण छत्ता सिंगांनी ज्याच्यासाठी पाच तास गोळ्यांपुढे पाठ दिली, ते काम हेच आहे.